खुंटीवरची माळ

आत्याकडे गेलं की 'ये' म्हणायच्या आधी तिचा अंगठा पुढे यायचा. डाव्या डोळ्याखाली तो टेकवून ती पापणी हलकेच खाली ओढायची, आपलं तोंड उजेडाकडे वळवायची, डोळ्यातला पांढरा भाग नीट बघायची आणि मग म्हणायची, "बस. चांगला हायस." पाहुणा असो, पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, कुणाची सुटका नव्हती. लग्नानंतर माझी बायको पहिल्यांदा पालेगावला तिच्या पाया पडायला गेली, तेव्हा उंबरठा ओलांडायच्या आतच तिची तपासणी झाली. ही इकडची रीतच असावी असं समजून बायकोने दुसरा डोळाही पुढे केला. आत्या म्हणाली, "दुसरा कंला? दोन डोळे काय येगळं बोलतात?"

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर आमचं सोनिवलीचं, सासर पालेगावचं. नवरा लवकर गेला. मागे दोन मुलगे, थोडी भातशेती आणि सासूने दिलेली एक विद्या एवढंच राहिलं. पुढे शेतीच्या जागेवर इमारती आल्या, पण विद्या टिकली. कावीळ झालेल्या माणसाच्या डोक्यावर आत्या माळ घालायची. म्हणून अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत लोक तिला 'माळेची आत्या' म्हणत. माझी ती सख्खी आत्या होती, हे सांगून मी अनेक ठिकाणी फुकट चहा प्यायलो आहे.

ज्यांनी ही माळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठल्याशा झुडपाची ओली मुळी आणायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि ते दोऱ्याच्या गाठींत अडकवून टाळूवर बसेल एवढी लहान माळ बांधायची. आंघोळ करून, तोंडाने एक शब्द न काढता बांधायची. रोग्याच्या टाळूवर ठेवली की दिवस जातात तशी ती वाढत जाते. आधी कपाळावर येते, मग गळ्यात उतरते, मग छातीवर. कमरेपर्यंत आली की कावीळ उतरली. तोवर तेल, हळद बंद. ताकभात, फुटाणे, उसाचा रस चालू.

या विद्येचे दोन नियम आत्या स्वतःच्या नावासारखे सांगायची. पहिला, "घेतलं की गेलं." म्हणजे रोग्याकडून काही घेतलं की गुण गेला. पैसे सोडाच, एकदा एकाने दारात ठेवलेला नारळसुद्धा तिने त्याच्या मागे माणूस धाडून परत केला होता. दुसरा नियम, "नाय म्हणायचं नाय." दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, मग तो कुणी का असेना. रविवारी आणि बुधवारी सकाळी तिच्या अंगणात पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली असत. उल्हासनगरचा एक कापडवाला सिंधी शेठ तिथे गाडीतून आलेला मी पाहिला आहे. हात जोडून म्हणत होता, "अम्मा, डॉक्टर बोला आराम करो. आराम तो हो गया, अब आप ठीक करो."

आत्या म्हणाली, "शेठ, टोपी काढा. टोपीवर माळ घातली तर टोपी बरी होईल." अंगणातली आजारी माणसंसुद्धा हसली.

मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करतो. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला एकदा समजावलं होतं की कावीळ हा आजार नाही, आजाराची खूण आहे; तिचे प्रकार आहेत; आणि पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आराम आणि पथ्य यांनी आपोआपच बरी होते. मी तो हिशेब आत्यापुढे मांडला. म्हटलं, "आत्या, तू शंभर जणांच्या डोक्यावर नुसता रुमाल ठेवला असतास तरी त्यातले बहुतेक बरे झाले असते. श्रेय माळेला कसं द्यायचं?"

तिने शांतपणे विचारलं, "आन् जे बरे झाले नाय ते?"

"त्यांचं काय?"

"ते परत येऊन सांगतात काय?" ती म्हणाली. "मग तुझा हिशेब पण अर्धाच की रं." आणि तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. ती काय बोलून गेली हे तिलाही तेव्हा कळलं नसावं. जे बरे होत नव्हते ते अंगणात पुन्हा दिसत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता.

असा एकजण तिच्या घरातच निघाला. तिचा थोरला मुलगा बाळाराम. काही वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली होती, आईने माळ घातली, माळ कमरेला आली, डोळे पांढरे झाले, तो कामावर गेला. त्यानंतर कुणी रक्त तपासलं नाही. तपासायचं कारण काय? मागच्या वर्षी त्याचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले, डोळे पुन्हा पिवळे झाले. मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही हिपॅटायटिस बी. ही रक्तातून पसरते. कुणाच्या शरीरातून ती निघून जाते, कुणाच्या शरीरात राहते. मागच्या वेळी पिवळेपणा गेला, आजार राहिला. आता यकृत फार खराब झालं आहे.

बाळारामने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण गावात लिव्हर म्हटलं की दारू. माणसं भेटायला येत, त्याच्या उशाशी बसून हळहळत आणि बाहेर चपला घालताना म्हणत, "लपून पीत असंल." सुगंधा, त्याची बायको, आतून हे ऐकायची. एकदा ती दारात येऊन म्हणाली, "त्यांनी लपून फक्त माझ्यासाठी गजरा आणलाय, काका. तेवढंच लपवलं." काका चपला हातात घेऊनच गेले.

डॉक्टरांनी दुसरी गोष्ट बजावून सांगितली होती. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, आणि ज्यांना हा आजार नाही त्यांना लस द्या. तीन सुया, आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. तपासणीत आत्या, सुगंधा आणि धाकटा जनार्दन तिघेही सुटले. सुगंधाने लगेच दंड पुढे केला. जना अडला.

आणि धोका होता तो जनालाच. बाळारामचं सगळं तोच करायचा. त्याला उचलून बसवायचा, हिरड्यांतून रक्त यायचं ते पुसायचा, त्याची दाढी करायचा. भावाची झाली की त्याच रेझरने स्वतःची. मी नवीन रेझर आणून दिला तर म्हणाला, "भावाची घाण वाटते काय दादा, तुला?"

लस न घेण्याची त्याची कारणं मी नीट ऐकून घेतली, कारण कारण कळलं तर उपाय काढता येतो अशी माझी समजूत आहे. सरकारी दवाखान्यात ही सुई तान्ह्या बाळांना देतात, "मी बायांच्या लायनीत कडेवर बसू काय?" खासगीत घ्यायची तर शिफ्ट बुडवून जावं लागणार. शिवाय त्याचं लग्न बदलापूरला ठरलं होतं आणि मुलीच्या मामाने आधीच विचारलं होतं, घरात काविळीचं काही नाही ना? सुई घेताना कुणी पाहिलं तर यालाही आहे असाच अर्थ निघणार. आजारी नसताना काविळीची सुई घेणारा माणूस त्यांच्या गावात अजून जन्मायचा होता. पण ही सगळी वरची कारणं. खालचं कारण त्याने आईला सांगितलं, माझ्यासमोर.

आत्याने त्याचा हात धरला होता. "आयस सांगते म्हणून घे. मना आता दुसरा पोर नाय तुझ्याबिगर."

"आयस, एक काय ते बोल," जना म्हणाला. "माळ खरी का सुई खरी? माळ खरी असंल तर बाळादादा उठंल, मना सुई नको. सुई खरी असंल तर दर रविवारी अंगणात लोकांना बसवतंस कंला?"

आत्याने त्याचा हात सोडला. लोकांना दवाखान्यात जाऊ नका असं ती कधी म्हणाली नव्हती. जा असंही म्हणाली नव्हती. या दोन वाक्यांमध्ये तिचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि पोटच्या पोराने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

बाळारामच्या टाळूवर तेव्हाही माळ होतीच. डॉक्टरांचं औषध चालू होतं आणि माळही. ती रोज खाली उतरत होती. आधी कानाला लागली, मग गळ्यात आली. पोट मात्र वर चढत होतं. मी जायचो तेव्हा आत्या मुलाच्या उशाशी बसून माळेचं टोक बोटांनी चाचपत असायची. माझा डोळा बघायचं तिने सोडून दिलं होतं.

त्याच दिवसांत पडवीत, आत्याच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या दिवंगत मामांची छत्री जिथे टांगलेली असायची त्या लाकडी खुंटीवर, मला दुसरी एक माळ दिसली. मी सुगंधाला विचारलं. ती म्हणाली, "काय माहीत भाऊजी. ह्यांची माळ बांधली त्याच दिवशी सासूबाईंनी ती पण बांधली. हात लावू देत नाहीत कुणाला."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सकाळी गेलो. अंगणात नेहमीसारखी माणसं होती. आत्या आंघोळ करून बाहेर आली, पण हातात मुळी नव्हती, दोन माळा होत्या. तिने त्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि तळहाताने सरळ केल्या. दोन्हींची लांबी सारखी होती. मी हिशेबी माणूस; जवळ जाऊन पाहिलं. खरंच सारखी होती.

"ही माझ्या बाळारामच्या गळ्यातली," ती म्हणाली. "आन् ही खुंटीवरची. एकाच मुळीच्या, एकाच वक्ताला बांधल्या. मुळी वली असते तवा गाठीत घट्ट बसते. सुकली की बारीक होते, गाठ सैल पडते, दोरा लांबतो. दोन्ही माळा वाढल्या. बाळारामची कावीळ उतरली नाय. आता मना सांगा, खुंटीला कावीळ झाली व्हती काय?"

कुणी हसलं नाही. तिला हे आधीपासून ठाऊक होतं का, की त्या खुंटीनेच तिला शिकवलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती पुढे म्हणाली, "दवाखान्यात जा. रगत तपासा. आन् घरातल्या चांगल्या माणसांनी सुई घ्या. माझ्याकडं काय नाय."

कुणीच उठलं नाही. मग एक म्हातारे आपल्या नातवाला पुढे ढकलत म्हणाले, "आत्या, पोराच्या दुःखानं बोलतंस तू. आम्हाला समजतं. ह्याला घाल."

"आवो, मी काय बोलले ते ऐकलं नाय काय?"

"ऐकलं ना. पण तुझा हात लागला तरी बास हाय."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांनी तिचं ऐकलं होतं, आणि ज्या दिवशी तिला खरोखर ऐकवायचं होतं त्या दिवशी त्यांना तिचा फक्त हात हवा होता. तिने त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं ती काय करणार? "आता दवाखान्यात न्या," ती म्हणाली. म्हातारे मान हलवून गेले, पण कुठे गेले ते मला माहीत नाही.

दाराच्या चौकटीला टेकून जना हे सगळं बघत होता. दुसऱ्या दिवशी शिफ्ट बुडवून माझ्याबरोबर आला आणि त्याने पहिली सुई घेतली. आत्यानेही घेतली. नर्स म्हणाली, "आजी, तुम्हाला या वयात कशाला?" आत्या म्हणाली, "मी घेतली नाय तर हा परत म्हनंल, आयस एक काय ते बोल."

मला उगाच धीर आला. मी आमच्या डॉक्टरांना गळ घालून पालेगावच्या शाळेच्या व्हरांड्यात रविवारी लसीची सोय केली. आत्या घरोघर फिरली. पहिल्या वेळी अकरा माणसं आली. बाकीच्यांची उत्तरं आत्याने मला ओळीने सांगितली. एकाची सुट्टी एकच, हात दुखला तर सोमवारी ड्युटीवर कोण जाणार? एकाला वाटलं सुईनंतर मटण बंद. एका घरात लग्नाची मुलगी. एकजण म्हणाला, मागे त्या साथीत दोन सुया घेतल्या, आता या जन्माच्या झाल्या. आणि बहुतेकांनी एकच सांगितलं: "आत्या, तू हायस ना. झाली तर येऊ तुझ्याकडं."

"बघ," आत्या म्हणाली, "मीच आडवी हाय त्यांच्या वाटंत."

महिन्याने दुसऱ्या सुईला पाच आले. पहिलीने काही झालं नाही, ताप नाही की काही नाही, मग दुसरी कशाला, असं उरलेल्यांचं म्हणणं. सुई लागू पडली याची काही खूण दिसत नाही, हीच अडचण आहे. माळ निदान वाढताना दिसते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाळाराम गेला. शेवटी रक्ताची उलटी झाली, ती जनाने ओंजळीत झेलली. मी त्या ओंजळीकडे बघत होतो आणि मनात दोनच सुयांचा हिशेब करत होतो. तिसरी अजून बाकी होती. त्याने हात धुतले, पुसले, आणि मग भावाचे डोळे मिटले.

दहाव्याला नदीवर बायका बोलत होत्या, फार हळू नाही. "तोंडानं माळेला नावं ठेवली. मुळी कोपली. पोर नेलं." सुगंधा उसळून उठली. आत्याने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. मी म्हटलं, "आत्या, मी बोलतो त्यांच्याशी." ती म्हणाली, "नको. मी शिकवलं तेच बोलतात त्या. त्यांचं काय चुकलं?"

त्यानंतर अंगण रिकामं झालं. गुण गेलेल्या बाईकडे कोण येणार? माणसं दूरच्या गावातल्या कुणा दुसऱ्याकडे माळ घालायला जाऊ लागली. आत्याला दुःख त्याचं नव्हतं. ओट्यावर बसून ती म्हणायची, "माझ्याकडं आले असते तर मी दवाखान्यात तरी धाडलं असतं. आता तिकडं कोण धाडंल?" ही विद्या सासूने सुनेला द्यायची असते. तिने सुगंधाला स्पष्ट सांगितलं, "तुला मुळी दाखवनार नाय. राग धरू नको." सुगंधाने राग धरला नाही. खुंटीवरची माळ मात्र आत्याने परत तिथेच टांगली होती, आणि ती कुणालाही काढू दिली नाही.

तिसरी सुई तिला मिळाली नाही. एका दुपारी भाताची पेज पिऊन ती आडवी झाली आणि उठली नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा जना पुढे झाला आणि म्हणाला, "आयस, तिसरी घेतो." माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. कावळा त्यानंतरही बराच वेळ आला नाही. पण बोलला ते बोलला.

तिसऱ्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात दोनच माणसं आली, सुगंधा आणि जना. अकरा, पाच, दोन. मांडलेल्या खुर्च्या मीच परत आत ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, "दोन तर दोन." मी मान हलवली, पण मला तो आकडा पचत नव्हता, अजूनही पचलेला नाही.

आम्ही घरी परतलो तर दारात रिक्षा उभी. उल्हासनगरहून एक जीन्स शिवणारा माणूस आणि त्याची बायको आले होते. तो भिंतीला धरून उभा होता. डोळे हळदीसारखे. आत्या गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. सुगंधाने सांगितलं तेव्हा त्या बाईने नवऱ्याला पायरीवर बसवलं. मग तिची नजर पडवीतल्या खुंटीवर गेली.

"भैया, वो माला है ना? वही दे दो. अम्मा के हाथ की है ना?"

जनाने पुढे होऊन त्या माणसाच्या डाव्या डोळ्याखाली अंगठा टेकवला आणि पापणी खाली ओढली. त्याची आई ओढायची तशीच, अगदी हलकेच. "ये माला से नहीं जाएगा," तो म्हणाला. "खूंटी को पीलिया हुआ था क्या? हॉस्पिटल चलो."

ते दोघं एकमेकांकडे बघू लागले. हा भलतंच काहीतरी बोलतोय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाईने नवऱ्याला परत रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला, दुसरीकडे माळ घालतात त्या दूरच्या गावाचं नाव सांगितलं. रिक्षा निघाली. जना चपला न घालता तिच्या मागे धावत सुटला. नव्या टॉवरच्या वळणावर खडी पडली होती, तिथे रिक्षा हळू झाली. तो आत घुसताना दिसला.

तो दुपारी परत आला. पाय धुळीने माखलेले. सुगंधाने त्याला पाणी दिलं. मी विचारलं, "गेला का तो दवाखान्यात?"

"भरती केलं. बाईचं पण रगत घेतलं तपासायला."

"कसा काय तयार झाला?"

जनाने खुंटीकडे पाहिलं. "आत जाईपर्यंत एकच इचारत व्हता, इथून सुटलो की माळ देशील ना?"

"मग तू काय म्हणालास?"

"देतो म्हनालो," जना म्हणाला. "ह्या घरात नाय म्हणायचं नाय ना, दादा."